अष्टपादाचा आमरस

परवा गुरुग्रामच्या एका मॉलमध्ये नवऱ्याबरोबर जेवायला गेले. मेनूकार्डावर इंग्रजी पदार्थांच्या मधोमध एक फ्रेंच शब्द बसवला होता. पी, ओ, यू, एल, पी, ई. वेटरला विचारलं, "ये क्या है भैया?" तो म्हणाला, "पल्प है मैम. फ्रूट वाला होगा." माझं डोकंच फिरलं. मेनू मिटला आणि नवऱ्याला म्हटलं, चल इथून. तो बिचारा पाव मोडत होता. त्याला काय माहीत, ह्या एका शब्दापायी माझं काय झालंय.

तो पल्प नाही. तो पूल्प, म्हणजे अष्टपाद, ऑक्टोपस. मला हे झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन, कारण हा शब्द मला एका बाईंनी शिकवला, आणि त्या बाईंचा मला अजूनही राग येतो. का येतो ते शेवटी सांगते. आधी बाई कशा होत्या ते ऐका, म्हणजे राग कुठून सुरू झाला आणि कुठे जाऊन पोचला ते कळेल.

बाई म्हणजे शाळेतल्या बाई ह्या अर्थाने. आमच्या ऑफिसात सगळे त्यांना 'मॅम' म्हणायचे. पण मी नाशिकची; साठीला टेकलेली, मराठी बोलणारी आणि हातात लाल पेन धरलेली बाई समोर आली की माझ्या तोंडून 'बाई'च निघतं. त्यांनी ते पहिल्या दिवशी चालवून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून मला पाचवीत बसवलं.

ऑफिसचं काम साधं होतं. जगातल्या कुठल्याही वस्तूवरचा मजकूर फ्रेंचमध्ये करायचा. शांपू, स्क्रू, पापड, टायर, काय वाट्टेल ते. आम्ही सहाजण भाषांतर करायचो आणि बाई ते तपासायच्या. तपासून झालं की फाइलीच्या तळाला त्यांची आद्याक्षरं पडायची, आणि मगच फाइल क्लायंटकडे जायची. बाईंची नेमणूक करारावर होती. दर वर्षी मार्च संपता संपता तो करार नवा व्हायचा.

त्यांचं ध्यान बघण्यासारखं होतं. कडक इस्त्रीची सुती साडी, खाली स्पोर्ट्स शूज, वर भर उन्हाळ्यातही नवऱ्याचा जुना स्वेटर, कारण एसीचा झोत नेमका त्यांच्या टेबलावर पडायचा आणि टेबल बदलायला त्या तयार नव्हत्या. साकेतहून मेट्रोने यायच्या. माहेर अलिबागकडचं, त्यामुळे आठवड्यातून एकदा डब्यात सुके बोंबील. त्यावरून सगळ्यांना एक मेल आली की कृपया तीव्र वासाचे पदार्थ आणू नयेत. बाईंनी उलट मेल केली: 'तीव्र' म्हणजे किती, ते कळवावे. उत्तर आलं नाही. बोंबील येत राहिले.

त्यांचा एक नियम होता. वस्तू हातात आल्याशिवाय तिच्यावरचं लेबल तपासणार नाही. क्लायंटकडून डबा मागवा, पुडी मागवा, नाहीच जमलं तर निदान फोटो मागवा. आमचा प्रोजेक्ट मॅनेजर, ज्याला सगळे पीएम म्हणायचे, तो दिल्लीचा, गोड बोलणारा, सतत "डन है जी" म्हणणारा मुलगा. तो ह्या नियमाने कावून जायचा. बाईंच्या ड्रॉवरमध्ये रिकाम्या बरण्या, गोंदाच्या नळ्या आणि चॉकलेटच्या चांद्या ठासून भरलेल्या असायच्या.

एकदा कुत्र्यांच्या बिस्किटांचं काम आलं. मी पाकिटासाठी 'कुरकुरीत' ह्या अर्थाचा शब्द घातला होता. बाईंनी मला बोलावलं, पाकीट फोडलं, त्यातलं एक बिस्कीट तोंडात टाकलं आणि चावलं. अख्खा मजला बघत होता. सावकाश गिळून म्हणाल्या, "कुरकुरीत नाहीये गं. कडक आहे. कुत्र्याला वाचता येत नाही म्हणून फसवायचं का?"

मी मुकाट शब्द बदलला. पुढे आठ दिवस ऑफिसातली दिल्लीची पोरं माझ्याकडे बघून भुंकत होती. बिस्कीट खाल्लं बाईंनी आणि भुंकणं माझ्या वाट्याला. त्या आठवड्यात मी नोकरी सोडायचं दोनदा ठरवलं.

एकदा चहाच्या मशिनपाशी मी त्यांना विचारलंच, "बाई, तुम्हाला पेन्शन आहे, साहेबांचीही मिळते, मग रोज एवढं धकाधकीचं कशाला करता?" साहेब म्हणजे त्यांचे यजमान. सरकारी नोकरीत बदलीवर दिल्लीला आले होते आणि इथेच वारले. बाई म्हणाल्या, "घरी मी एखादी गोष्ट बरोबर केली तरी कोणी बघत नाही आणि चुकीची केली तरी कोणी बघत नाही. इथे मी सही केली की लोक डोळे मिटून डबा छापतात. ते सुटलं तर मी सकाळी उठून करू काय?" हे त्या अगदी सहज बोलल्या आणि लगेच, कपात साखर जास्त झाली म्हणून मशिनवर चिडल्या. पण मी ते ऐकलं होतं. मला माहीतच नव्हतं, असं मी कधीच म्हणू शकणार नाही.

आता त्या शब्दाकडे येते.

जानेवारीत गोठवलेल्या मासळीचं मोठं काम आलं. त्यात ऑक्टोपसची पाकिटं होती. मी शब्दकोश उघडला, फ्रेंचमध्ये ऑक्टोपसला दोन शब्द दिसले, त्यातला मला भारदस्त वाटला तो 'पिअव्र' घातला. बाईंनी फाइल वाचली आणि खुर्ची मागे सरकवून उभ्याच राहिल्या.

"पिअव्र कोणी गोठवून विकतं का? पिअव्र समुद्रातून येतो, होडी धरतो, माणसं ओढून नेतो. वर्तमानपत्रात माफियाला पिअव्र म्हणतात. ऑफिसात मिटिंगच्या टेबलावर तो पाय पसरलेला फोन असतो ना, त्यालाही तिकडे पिअव्र म्हणतात. ताटात जो येतो तो पूल्प. मासळीवाल्याच्या पाटीवर पूल्प, मेनूवर पूल्प, पाककृतीत पूल्प. पिअव्र तुला खातो आणि पूल्प तू खातेस. कळलं?"

मग त्यांना रंग चढला. पांढऱ्या फळ्यावर त्यांनी त्या शब्दाची वंशावळ मांडली. मुळात ग्रीक, तिथून लॅटिन, तिथून फ्रेंच. मूळ अर्थ 'पुष्कळ पायांचा'. "आपण अष्टपाद म्हणतो, म्हणजे आपण खाली बसून मोजले. त्यांनी मोजायचा कंटाळा केला. पुष्कळ आहेत म्हणाले आणि सोडून दिलं." इंग्रजांनीही एके काळी हा शब्द उचलला होता, पण त्यांच्याकडे तो धड रुजला नाही, आता जुन्या शब्दकोशांत आणि महागड्या हॉटेलांत तेवढा सापडतो, असंही त्यांनी सांगितलं. मग त्याच शब्दातला 'ओ' बोटाने पुसला. पी, यू, एल, पी, ई. "आता हा झाला गर. फळाचा गर. ह्याचं मूळ पायाबियांशी नाही, ह्याचं मूळ मांस. एक ओ पडला की अष्टपाद, ओ काढला की गर. आणि उच्चार वेगळा. शिट्टी मारायला करतेस तसे ओठ कर आणि आतून 'ई' म्हण."

त्यांनी मला कँटीनच्या दारात उभं करून पंधरा वेळा म्हणायला लावलं. येणारे-जाणारे हसत होते. मी घामाघूम. शेवटी जागेवर येऊन मी माझ्या वहीत लिहून घेतलं, जसं नाशिकच्या क्लासपासून लिहायची सवय होती तसं, देवनागरीत: पूल्प, दीर्घ, अष्टपाद. पुल्प, ऱ्हस्व, गर.

बाईंनी ती वही मागून वाचली.

"फ्रेंच देवनागरीत? तो उच्चार आपल्याकडे नाहीच, तो ऱ्हस्वही नाही आणि दीर्घही नाही. उद्या ह्या वहीने तू तोंडावर पडशील. फाड ते पान."

मी ते पान फाडलं नाही. माझी वही, माझं पान. आणि खरं सांगू का, ऱ्हस्व-दीर्घ हे माझं जन्माचं दुखणं. दहावीला मराठीत त्याच्याच पायी मार्क गेले. आणि मी गाढव, त्याच ऱ्हस्व-दीर्घावर फ्रेंच टांगून बसले होते.

बाईंचा राग फक्त ऑफिसपुरता नव्हता. त्याच महिन्यात, संक्रांतीच्या सुमारास, दिल्लीतली मराठी मंडळी बस करून पानिपतला, काला अंबच्या स्मारकाला निघाली होती. बाईंनी मला ओढून नेलं. आमच्या पुढच्या सीटवर एक सात-आठ वर्षांची मुलगी आंब्याच्या रसाचं खोकं घेऊन बसली होती. बाईंनी तिला कौतुकाने विचारलं, "काय लिहिलंय गं त्यावर?" तिने वाचलं, "मँगो पल्प." बाई म्हणाल्या, "पल्प म्हणजे गर." मुलीने आईकडे बघितलं, "मम्मा, गर मतलब?" आणि आई म्हणाली, "पल्प, बेटा."

पानिपत येईपर्यंत बाई धुमसत होत्या. "इथे आपली माणसं मेली ना, ती निदान गराला गर म्हणत मेली," एवढंच एकदा म्हणाल्या, तेही इतक्या मोठ्याने की पुढची आई मागे वळून बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथे पोचल्यावर सगळे भाषण ऐकायला बसले, पण बाई एकट्याच हिंडत, स्मारकावर लिहिलेलं अक्षर न् अक्षर वाचत बसल्या. बस त्यांच्यासाठी पाऊण तास थांबली. लोकांनी मला बोल लावले, कारण त्यांना बोलायची कोणाची छाती नव्हती.

फेब्रुवारीत बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याला पट्टी, तीन दिवस रजा. आणि नेमकं त्याच दिवसांत कोकणातल्या एका आमरसवाल्याचं काम आलं. हापूसचा गर डब्यात भरून फ्रान्सला पाठवायचा होता. लेबल छोटं, जेमतेम चाळीस शब्दांचं. पीएमला ते संध्याकाळच्या आत हवं होतं.

मी तेव्हा सलग तीन आठवडे मासळी करत होते. डोक्यात नुसते पाय वळवळत होते. गराला काय म्हणायचं म्हणून वही उघडली. पुल्प, पूल्प. ऱ्हस्व कोणता, दीर्घ कोणता? वाचलं बरोबर आणि टाइप करताना 'ओ' घातला. संगणकाने खाली लाल रेघ मारली नाही. मारेल कशी? शब्द शंभर नंबरी बरोबर होता, फक्त प्राणी वेगळा होता.

मी नेहमीप्रमाणे फाइल बाईंच्या नावावर पाठवली आणि पीएमला म्हटलं, "मैम तो छुट्टी पे हैं." तो उठला, बाईंच्या टेबलाशी गेला. त्यांना पासवर्ड लक्षात राहायचा नाही म्हणून त्यांनी तो चिठ्ठीवर लिहून कीबोर्डखाली ठेवलेला होता. ते सगळ्यांना माहीत होतं. त्याने त्यांच्या नावाने लॉगिन केलं. "मैम का मैं कर देता हूँ यार. आम का डिब्बा है, इसमें क्या देखना." एक क्लिक. तळाला बाईंची आद्याक्षरं पडली. मी चहाचा कप हातात घेऊन त्याच्या शेजारी उभी होते. मला तेव्हा बरंच वाटलं. म्हटलं, बरं झालं, आज डबा मागवायला नको.

लेबलं छापली, डब्यांवर चिकटली, डबे गेले. मार्चच्या सुरुवातीला आमरसवाल्याचा फोन आला. सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला होता. त्या माणसाचा आवाज रडवेला झाला होता. "साहेब, मैं शुद्ध शाकाहारी आदमी है. वो फ्रान्स का आदमी पूछता है, आम में अष्टपाद का गोश्त कितना है. मेरे आमरस में अष्टपाद किसने डाला?" ऑफिसात हशा पिकला. मीही हसले, आणि पुढच्याच क्षणी जागेवर धावले. फाइल उघडली. ओ होता.

डबे परत येणार म्हटल्यावर वरून विचारणा झाली, हे पास कोणी केलं? तळाला आद्याक्षरं होती. हसणाऱ्यांना आता वेगळाच विषय मिळाला: मॅमना ओ दिसला नाही. ज्या पोरांना त्यांनी दोन दोन वर्षं रडवलं होतं, त्यांना तर सणच.

त्या संध्याकाळी बाईंचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच, करडा. "त्या दिवशी माझ्या डोळ्याला पट्टी होती. मी कुठलीच फाइल उघडलेली नाही. कोणी पास केली, तुला माहीत आहे का?"

"नाही हो बाई," मी म्हटलं.

का म्हटलं? ऐका आता. मला फ्रान्सला, आमच्या लियोंच्या ऑफिसात एक वर्ष पाठवायचं घाटत होतं. कागद पीएमच्या टेबलावर होते, त्याची सही बाकी होती. मी फ्रेंच शिकायला लागल्यापासून फ्रान्स डोळ्यांसमोर धरून बसले होते. पीएमचं नाव घेतलं असतं तर ते गेलं असतं. माझा ओ कबूल केला असता तरीही गेलं असतं. एवढंच कारण. दुसरं मोठं काही असतं तर सांगायला मलाही आवडलं असतं.

तीन दिवसांनी मिटिंग बोलावली. काचेची खोली, त्यात पीएम, एचआरची एक तरुण मुलगी, बाई आणि भाषांतर माझं म्हणून मी. बाई काळा चष्मा लावून आल्या होत्या. त्यांच्यापुढे एक टाइप केलेला कागद ठेवला: फाइल मी तपासली, ऑपरेशननंतर नजर अधू असल्यामुळे चूक माझ्याकडून सुटली, जबाबदारी माझी.

एचआरची मुलगी मवाळ होती. म्हणाली, "मैम, बस फॉर्मैलिटी है. आँख का ऑपरेशन था, नहीं दिखा होगा. साइन कर दीजिए, क्लाइंट भी शांत हो जाएगा, आपका कॉन्ट्रैक्ट भी रिन्यू हो जाएगा."

"मैंने ये फाइल पढ़ी नहीं," बाई म्हणाल्या. "जो पढ़ी नहीं, उसमें मुझसे गलती छूटेगी कैसे?"

"मैम, सिस्टम में लॉगिन आपका है, और लॉगिन तो घर से भी हो जाता है," पीएम म्हणाला. किती शांतपणे म्हणाला तो. त्याच्या थोबाडीत मारावी असं माझ्या हाताला वाटलं, आणि हात मांडीवरून हलला नाही.

एचआरच्या मुलीने मला विचारलं, "आपने फाइल मैम को भेजी थी?"

"भेजी थी."

"और अप्रूव होके वापस आई?"

"आई थी."

दोन्ही उत्तरं खरी होती. मूग गिळून बसणंही एक वेळ परवडलं असतं, मी तर बोलत होते.

बाई माझ्याकडे वळल्या. चष्मा काढला. डोळा अजून लाल होता आणि त्यातून पाणी गळत होतं. त्या खोलीत मराठी आम्हा दोघींनाच येत होतं. हळू आवाजात म्हणाल्या, "हे बघ, तुझ्या हातून ओ पडला, त्याचं मला काही नाही. कोणाच्याही हातून पडतो. पण ती फाइल मी बघितली नाही, एवढं एक वाक्य सांग ह्यांना. बाकी काही सांगू नकोस. माझं तेवढं एकच राहिलंय. सांगतेस, की मी उठू?"

म्हणजे त्यांना कळलं होतं. मी फोनवर 'नाही' म्हटलं तेव्हाच कळलं असणार.

"मैम ने क्या कहा?" एचआरच्या मुलीने विचारलं. पीएमही माझ्याकडे बघत होता. त्याचं पेन हलायचं थांबलं होतं.

एका भाषेतलं दुसऱ्या भाषेत नेणं हेच माझं काम. मी म्हटलं, "कह रही हैं कि आँख में अभी बहुत तकलीफ़ है. पढ़ा नहीं जा रहा. घर जाना चाहती हैं."

बाईंना हिंदी उत्तम यायचं. तीस वर्षं दिल्लीत काढली होती त्यांनी. त्यांनी एक शब्द उच्चारला असता तरी मी संपले असते. मी वाट बघत होते. मला खरंच वाटत होतं की त्यांनी बोलावं, टेबलावर हात आपटून सांगावं की ही पोरगी खोटं बोलतेय.

"अरे, हाँ मैम, बिल्कुल," ती मुलगी कळवळून म्हणाली. "यही कहा ना आपने?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. रागावून नाही. तसं बघितलं असतं तर मला पेललं असतं.

"हाँ," त्या म्हणाल्या. "यही कहा मैंने."

त्यांनी चष्मा लावला, पर्स घेतली आणि उठल्या. कागदावर सही केली नाही. पीएमने जाताना त्यांच्यासाठी दार उघडून धरलं.

माझा राग आहे तो ह्याच्यावर. त्यांनी मला तिथल्या तिथे उघडं पाडायला हवं होतं, असं मला आजही वाटतं आणि आजही तळपायाची आग मस्तकात जाते. दया केली का माझ्यावर? की ही आता चुका काढण्याच्याही लायकीची राहिली नाही, असं ठरवलं? मला कळलेलं नाही, आणि जाऊन विचारायला मी तोंड ठेवलेलं नाही.

एकतीस मार्चला त्यांचा करार संपला. एप्रिलमध्ये मी लियोंला गेले.